ढगाचं भाडं कुणाच्या पगारातून?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसलाय – क्लाउड. क्लाउड म्हणजे ढग. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. ढग म्हटला की तो कुणाच्या बापाचा नाही. त्याला कुंपण नाही, मालक नाही, दारावर वॉचमन नाही. पण हा ढग आभाळात नाही, दोस्तांनो. हा ढग ऐरोली, रबाळे, महाप्याच्या जमिनीवर उभा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या ज्या पट्ट्यात केमिकलचे कारखाने धूर सोडायचे, तिथं आता बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात. आत लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत संगणक, संगणक गार ठेवायला रात्रंदिवस चालणारी यंत्रं, वीज गेली तर डिझेलचे जनरेटर. समुद्राखालून आलेल्या केबली वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई, चेन्नईत आपला ढग उघडला, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत. म्हणजे ढगाला प्लॉट नंबर आहे, वीजबिल आहे, मालक आहे. आणि दारावर ठेकेदाराचा वॉचमनही आहे, बारा तासांच्या पाळीचा.

या ढगाची सावली आज हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींवर पडलीय. कंपनी सांगते, आता आपला सगळा माल क्लाउडवर जाणार. टाळ्या वाजतात, केक कापला जातो. आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर कुजबूज सुरू होते. कुणाची टीम जाणार? एचआरने कुणाला बोलावलं? अमक्याचं ओळखपत्र सकाळी गेटवर चाललं नाही म्हणतात, खरं का? पस्तीस-चाळीस हजारांचा हप्ता असलेला माणूस रात्री तीनला जागा होतो आणि मोबाईलवर नोकऱ्या शोधत बसतो.

आपल्या वस्त्यांतून या भीतीकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. एक नजर म्हणते, बरं झालं, साल्यांना कळू दे! एसीत बसून आरक्षणाला शिव्या घालत होते, आता बसा रस्त्यावर. दुसरी नजर म्हणते, अरेरे, एवढी शिकलेली पोरं! पहिल्या नजरेत सूड आहे, दुसरीत कीव आहे. दोन्ही बिनकामाच्या. कारण त्या काचेच्या इमारतीत आता आपली पोरंही आहेत. आणि जे तिथं चाललंय ते गोदीत होऊन गेलंय, गिरणीत होऊन गेलंय. फक्त तिथं कुणाच्या हाताला घट्टे दिसत नाहीत म्हणून ते नवं वाटतंय.

मला सांगायचंय ते एवढंच : भांडण यंत्राशी नाही. यंत्रामुळे जे वाचतं ते कुणाच्या खिशात जातं आणि यंत्र आणायचा खर्च कुणाच्या पगारातून कापला जातो, भांडण तिथं आहे. ढगाला भाडं लागतं. ते भाडं आज कामगार भरतोय.

आधी हा धंदा समजून घेऊ. मुंबईकराला तो पटकन कळेल. पूर्वी सॉफ्टवेअर विकलं जायचं ते पागडीच्या खोलीसारखं. एकदा दणकून रक्कम मोजली की परवाना कायमचा तुमचा. तबकडी आणा, आपल्या मशीनवर चढवा, दहा वर्षं वापरा, कुणी विचारणार नाही. आता आलंय लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिन्यांची खोली! दरमहा भाडं भरा, नाही भरलं तर कुलूप. माल तुमच्या मशीनवर नाही, कंपनीच्या नाहीतर भाड्याच्या कपाटात. अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे आमचा नवा माल फक्त भाड्यानेच मिळेल. ऑटोकॅड बनवणारी ऑटोडेस्क – आयटीआयच्या, पॉलिटेक्निकच्या ड्राफ्ट्समन पोरांना हे नाव माहीत आहे – तिने २०१६ साली नवे कायमचे परवाने विकणं थांबवलं.

आता गंमत बघा. खोली विकली तर आज पन्नास लाख हातात. भाड्याने दिली तर दरमहा पंधरा हजार. पुढं जाऊन भाडेवाला जास्त कमावतो, पण पहिली काही वर्षं त्याच्या वहीत खड्डा दिसतो. ऑटोडेस्कच्या वहीतही तो खड्डा पडला. सलग चार आर्थिक वर्षं तोटा. हा तोटा धंदा बुडाल्याचा नव्हता, धंद्याची रीत बदलल्याचा होता. हे मालकांना माहीत होतं, शेअरवाल्यांना माहीत होतं. पण शेअरवाल्याला दम निघत नाही. मग खड्डा बुजवायला माती कुठली? माणसांची. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केलं, क्लाउडकडे आणि भाड्याच्या धंद्याकडे वेगाने जायचंय, म्हणून सुमारे ९२५ जण कमी. दर दहातला एक. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा सुमारे १,१५०, म्हणजे १३ टक्के. पुढं खड्डा भरला, भाडं धो धो यायला लागलं, वर्षाची उलाढाल सहा अब्ज डॉलरवर गेली. मग तरी थांबले का? फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा १,३५० जण घरी. तोटा होता तेव्हा तोट्यासाठी कापले, नफा झाला तेव्हा नफ्यासाठी कापले. मालकाच्या कारणांना हंगाम नसतो.

आणि क्लाउडचा मालकच तगला असेल म्हणाल, तर तेही नाही. म्हणजे मालक तगलाय, माणसं नाही. ॲमेझॉनने ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑफिसातल्या सुमारे १४,००० जागा कापायचं जाहीर केलं. ढगाच्या पोटात राहून भिजायचं टळत नाही.

कुणाचं काम जातं? माल गिऱ्हाईकाच्या मशीनवर होता तेव्हा दर गिऱ्हाईकाकडे वेगळी आवृत्ती असायची. कुणाकडे दहा वर्षं जुनी, कुणाकडे पाच. त्यामुळे माल चढवायला माणूस लागायचा, जुन्यावरून नव्यावर न्यायला माणूस लागायचा, सर्व्हर सांभाळायला, रात्री बॅकअप घ्यायला, फोनवर उत्तरं द्यायला, प्रत्येक आवृत्ती तपासायला माणूस. क्लाउडवर सगळ्यांना एकच आवृत्ती. ती एका ठिकाणी बदलली की जगभर बदलली. हजार गिऱ्हाइकांच्या तळघरातले हजार सर्व्हर गेले, आणि ते सांभाळणारे हातही गेले. कंपनीतले गेले आणि गिऱ्हाईकाकडचेही गेले.

आमच्या वस्तीतला एक पोरगा हेच काम करत होता. त्याचा बाप पालिकेत सफाई कामगार. बापाने आयुष्यभर पहाटे उठून मुंबईचा कचरा उचलला आणि पोराला इंजिनिअर केलं. पोराचा पहिला पगार बापाच्या शेवटच्या पगाराहून मोठा होता. वस्तीत पेढे वाटले. आठ वर्षांनी कंपनीने क्लाउडची घोषणा केली आणि त्याला सांगितलं, तू जे जे करतोस ते सगळं लिहून काढ, दुसऱ्या टीमला शिकव. या कामाला त्यांच्यात 'केटी' म्हणतात – ज्ञान हस्तांतरण. दोन महिने तो पोरगा आपलं काम आपल्याच हाताने दुसऱ्याच्या हवाली करत होता. हस्तांतरण संपलं, त्या आठवड्यात त्याला खोलीत बोलावून सांगितलं, राजीनामा लिही, नाहीतर काढून टाकल्याचा शेरा मारू. त्याने लिहिला. बापाचा झाडू पर्मनंट होता, पोराचा लॅपटॉप हंगामी निघाला.

कंपन्या म्हणतात, नवं शिका. पण शिकण्याचा खर्च कुणाचा? क्लाउडचं सर्टिफिकेट मिळवायला परीक्षा असते. ॲमेझॉनच्या असोसिएट पायरीच्या परीक्षेची फी दीडशे डॉलर. ती भरायची स्वतःच्या खिशातून, अभ्यास करायचा रात्री, ड्यूटी संपल्यावर. आणि सर्टिफिकेट टिकतं तीन वर्षं. मग पुन्हा परीक्षा द्या. म्हणजे सॉफ्टवेअर भाड्याने, सर्व्हर भाड्याने, आणि माणसाच्या डोक्यातली विद्यासुद्धा तीन वर्षांच्या करारावर!

आता गोदीची गोष्ट सांगतो, कारण मी गोदीतला आहे. ठेकेदाराच्या हाताखाली लॅशिंग करतो, म्हणजे जहाजावर एकावर एक रचलेले डबे लोखंडी दांड्यांनी आवळून बांधतो. डब्याला सील असतं. आत काय आहे ते आम्हाला कळत नाही. त्या बिनखिडक्यांच्या इमारतींतली कपाटंसुद्धा अशाच एखाद्या डब्यातून आली असतील.

हा डबा नेहमी नव्हता. पूर्वी गोणी, पिंप, गाठी, खोकी सगळं टोळीच्या पाठीवरून, हुकाने ओढून चढायचं-उतरायचं. एक जहाज धक्क्याला आठवडाभर लागलेलं असायचं. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ डबे चढवले आणि नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल चढवायला टनामागे ५.८३ डॉलर खर्च यायचा. डब्यातून तो १६ सेंटांच्या आत आला. त्या एका आकड्याने जगभरच्या गोद्या रिकाम्या केल्या. मुंबई बंदरासमोर पलीकडच्या किनाऱ्यावर १९८९ मध्ये न्हावा शेव्याचं बंदर उघडलं आणि डबा तिकडं गेला. डबा गेला, त्याच्यामागं काम गेलं, आणि कामामागं टोळ्यांच्या टोळ्या गेल्या.

आणि थट्टा बघा. सॉफ्टवेअरवाल्यांनी आमचं नावसुद्धा उचललं. क्लाउडवर प्रोग्रॅम चालवायला ते जी पेटी बनवतात तिला 'कंटेनर'च म्हणतात. मार्च २०१३ मध्ये या कामाचं एक अवजार बाहेर आलं. त्याचं नाव 'डॉकर', म्हणजे गोदी कामगार! चित्र काय, तर देवमाशाच्या पाठीवर डबे. हजारो पोरं दिवसातून दहादा डॉकर डॉकर म्हणतात, पण डॉकर नावाचा जिवंत माणूस होता, त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर आज उपयोगी पडलं असतं.

कारण सगळ्या गोद्यांत सारखं झालं नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोदी कामगारांची युनियन होती, पुढारी हॅरी ब्रिजेस. डबा येताना दिसला तेव्हा त्यांनी 'डबा नको' एवढीच बोंब मारली नाही. डबा येणारच, तर त्याची किंमत काढा, असं मालकांना टेबलावर बसून सुनावलं. १९६० साली करार झाला. यंत्रं आणा, पण वर्षाला पन्नास लाख डॉलर कामगारांच्या निधीत टाका. नोंदणी झालेल्या कामगाराला काढायचं नाही, लवकर निवृत्त होईल त्याला पैसे द्या, काम कमी पडलं तरी पगाराची हमी द्या. तो करार सगळ्यांना पुरला असं नाही. नोंदणीबाहेरचे, उद्या येणारे बाहेरच राहिले. पण यंत्राने जे वाचवलं त्यातला वाटा कामगाराने नाव घेऊन मागितला आणि मिळवला. मागितला म्हणून मिळाला, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडेही काही कमी अक्कल नव्हती. गोदीतलं काम जहाजावर अवलंबून. जहाज आलं तर काम, नाहीतर गेटवर बसून राहा. मुकादम ज्याला बोट दाखवेल त्याला हजेरी. ही लाचारी मोडायला १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला. त्यातून मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. कामगाराची नोंद बोर्डाकडे. तो हजेरीला आला आणि काम नसलं तरी त्याला हजेरीचे पैसे, महिन्याला ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. म्हणजे कायद्याने मान्य केलं की कामाची वाट बघणं हासुद्धा कामाचाच भाग आहे. जहाज उशिरा येतं हा हमालाचा गुन्हा नाही. पुढं १९९४ साली बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, आणि आज आमच्यासारखे ठेक्यावरचे पुन्हा मुकादमाच्या बोटाकडे बघत उभे आहेत. पण ती कल्पना मेलेली नाही. माथाडींनी १९६९ चा कायदा मिळवला. मालक अनेक, बोर्ड एक. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने बोर्डात भरायची, आणि तिथूनच पगार, फंड, रजा.

आता सॉफ्टवेअरचं 'बेंच' आठवा. एक प्रोजेक्ट संपलं, दुसरं आलं नाही, तर इंजिनिअर बेंचवर. गोदीतली हजेरीच ती! फरक एवढाच की १९४८ च्या गोदीत वाट बघण्याचे पैसे होते, आणि आजच्या काचेच्या इमारतीत वाट बघणं हा गुन्हा आहे. टीसीएसने जून २०२५ मध्ये नियम केला : वर्षातले २२५ दिवस गिऱ्हाईकाच्या बिलावर पाहिजेत, बेंचवर ३५ दिवसांच्या वर नको. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. प्रोजेक्ट आणणं हे कोडिंग करणाऱ्याचं काम आहे का? जहाज आणणं हमालाचं काम होतं का?

'पण ते कामगार थोडेच आहेत?' हा प्रश्न मालक विचारत नाही. दुःख हे की तो इंजिनिअरच विचारतो. त्याला असोसिएट म्हटलं, लीड म्हटलं, फॅमिली म्हटलं, आणि तो भुलला. कायदा काय म्हणतो ते बघा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कामगाराची व्याख्या फक्त घमेलं उचलणाऱ्याची नव्हती. कुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणाराही तिच्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यांतही तांत्रिक काम करणारा कामगार आहे. व्यवस्थापकीय काम करणारा आणि ठरावीक पगारावरचा सुपरवायझर बाहेर. पण कार्डावर काय छापलंय त्यापेक्षा हात प्रत्यक्षात काय करतात, हे कोर्ट बघतं. वर्षभर सलग नोकरी केलेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. साधारण नियम असा की शेवटी आला तो आधी जाईल, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं. नव्या संहितेत काढलेल्या कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार कौशल्य निधीत टाकायचीही तरतूद आहे.

मग कंपन्या राजीनामा का लिहून घेतात ते आता कळलं? राजीनामा म्हणजे 'मी माझ्या मर्जीने जातो'. मर्जीने गेला तो कपातीत धरला जात नाही. नोटीस नाही, भरपाई नाही, सरकारदरबारी नोंद नाही. एका कागदावरच्या एका सहीने सगळा कायदा केराच्या टोपलीत. म्हणून पहिली गोष्ट, भावांनो आणि बहिणींनो, त्या खोलीत सही करू नका. वेळ मागा, कागद मागा, कारण लेखी मागा.

कायद्यातही मेख आहेच. मोठी कपात करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची अट कारखाना, खाण आणि मळा यांच्यापुरतीच आहे. सॉफ्टवेअरचं ऑफिस त्यात नाही. कारखान्यांसाठीही ती मर्यादा १९७६ साली ३०० कामगारांची होती, पुढं १०० वर आणली, आणि नव्या संहितेने पुन्हा ३०० वर नेली. दहा हजार माणसं एका छताखाली काम करतात ते ठिकाण कायद्याला कारखाना वाटत नाही, कारण तिथं भोंगा वाजत नाही. भोंगा आता खिशात आहे आणि रात्री अकरालाही वाजतो.

आता जातीचं बोलू, कारण कपातीची यादी हवेत तयार होत नाही. गिरणीत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडायचा, आणि आमची थुंकी लागली तर स्पृश्य विणकऱ्याला विटाळ. पगार जास्त तिथं विटाळ, पगार कमी तिथं चालतं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांसमोर हाच सवाल ठेवला : तुमच्या मागण्यांत हे खातं आमच्यासाठी उघडायची मागणी कुठं आहे? आज थुंकीचं नाव कुणी काढत नाही. आज 'कल्चर फिट' म्हणतात, 'कम्युनिकेशन' म्हणतात, 'रेफरल' म्हणतात. खाजगी नोकरीत आरक्षण नाही. सरकारी नोकऱ्या आटल्या तेव्हा आपल्या पोरांना दुसरी वाट म्हणून हीच काचेची इमारत दिसली. आत शिरले, पण बऱ्याच जणांनी आडनाव गिळून, भिंतीवरचा फोटो कॅमेऱ्याच्या मागं लपवून. कपात येते तेव्हा साहेबाच्या डोक्यात दोन याद्या असतात, एक कामाची आणि एक ओळखीची. ज्याचा मामा दुसऱ्या कंपनीत मॅनेजर त्याला आठवड्यात नोकरी. ज्याचा बाप सफाई कामगार त्याच्याकडे फक्त सर्टिफिकेट, आणि तेही तीन वर्षांचं. धक्का सगळ्यांना सारखा, पण खाली गादी कुणाच्या आणि फरशी कुणाच्या?

हे सातासमुद्रापलीकडेही सुटलेलं नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरोप असा की तिथल्या दलित इंजिनिअरला वरच्या जातीच्या साहेबांनी जातीवरून छळलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदाला कायद्याने बंदी केली, आणि सिएटल हे ॲमेझॉनचं शहर, ढगाचं माहेर. तिथं एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस, नाहीतर देश सोडा. असा माणूस जातीची तक्रार करायला किती धजेल?

म्हणून युनियन पाहिजे, आणि ती जात झाकणारी युनियन नको. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाला सोडून दुसऱ्याला मारायला गेलात तर मागून वार होतो.

'इंजिनिअर काय युनियन करणार!' असं हसणाऱ्यांना जर्मनीतल्या सॅप कंपनीची गोष्ट ऐकवतो. पुण्यात हजारो पोरं सॅपचं काम करून पोट भरतात. या कंपनीत कामगार मंडळच नव्हतं. २००६ साली मंडळ नेमण्याचा सवाल आला तेव्हा ९१ टक्के कर्मचाऱ्यांनी नको म्हणून मत दिलं. आम्ही काय मजूर आहोत? तीन जण अडून बसले, कोर्टाकडे गेले, आणि त्याच वर्षी मंडळ आलं. जानेवारी २०२४ मध्ये सॅपने ८,००० जागांची उलथापालथ जाहीर केली. कंपनी स्वतःच म्हणाली की वर्षाअखेर एकूण माणसं तेवढीच राहतील. म्हणजे काम संपलं नव्हतं, माणसं बदलायची होती! जर्मनीत ही उलथापालथ स्वेच्छेने जाणाऱ्यांना पैसे आणि वयस्कांना लवकर निवृत्ती देऊन झाली. मंडळ नको म्हणणाऱ्या ९१ टक्क्यांनाही त्या मंडळाची छत्री मिळाली.

आपल्याकडेही सुरुवात झालीय. पुण्यात 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कपातीविरुद्ध सरकारकडे तक्रारी घेऊन जाते, कर्नाटकात 'किटू' रस्त्यावर उतरते. लहान आहेत, अपुऱ्या आहेत. पण गिरणीतली युनियनही पहिल्या दिवशी लाखाची नव्हती.

मागण्या काय? माझ्या मते चार. एक, सॉफ्टवेअरसाठी माथाडीसारखं बोर्ड. प्रत्येक प्रोजेक्टच्या बिलावर लेव्ही, आणि बेंचवरच्या माणसाला त्यातून हजेरीचे पैसे. दोन, क्लाउडवर जाणाऱ्या कंपनीने आधी सांगावं, कुठली कामं जाणार, कुठली येणार. येणाऱ्या कामावर पहिला हक्क जुन्या माणसाचा, शिकवण्याचा खर्च कंपनीचा, आणि शिकायचं ते ड्यूटीच्या वेळात. तीन, दबावाने घेतलेला राजीनामा ही कपातच धरावी. चार, कपातीच्या यादीचा जातवार, बाई-पुरुषवार हिशेब उघड करावा. आणि वॉचमन, हाऊसकीपिंग, कॅन्टीनची पोरं या बोर्डात पहिल्या दिवसापासून पाहिजेत. त्यांना बाहेर ठेवून इंजिनिअरांची युनियन झाली तर ते पुन्हा विणकाम खातंच.

'कंपन्या पळून जातील' म्हणतील. गोदीलाही असंच म्हणाले होते, गिरणीलाही म्हणाले. गिरण्या कामगार मुकाट बसले तिथंही बंद पडल्या, कारण जमिनीचा भाव सुताच्या भावाच्या वर गेला होता. मुकाट बसणाऱ्याला कुठलाच मालक बक्षीस देत नाही.

इंजिनिअर दोस्ता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी असली तरी तुझी हजेरी दुसऱ्याच्याच हातात आहे. ढग दुसऱ्याचा आहे, पण त्याला वर ठेवणारे हात तुझे आहेत. एक रात्र सर्व्हर कुणी पाहिला नाही, कपाटं कुणी गार ठेवली नाहीत, डबा कुणी बांधला नाही, तर हा ढग सकाळपर्यंत जमिनीवर येतो. मालकाला हे पक्कं माहीत आहे. तू ते शेजारच्या खुर्चीवाल्याला सांग. आज चहाला जाशील तेव्हाच सांग.